प्रश्न तुमचे : एकाच मंत्रालयाच्या दोन खिडक्या

या महिन्याच्या टपालात जपानबद्दलची पत्रं बरीच निघाली. बहुतेक नर्सिंगच्या मुलींची, एक गुहागरच्या सासूबाईंचं, एक हाडवैद्यांच्या घरातलं. विषय वेगळे दिसतात, पण त्यातले निम्मे टोकियोतल्या एकाच दाराशी जाऊन थांबतात: आरोग्य, श्रम व कल्याण मंत्रालय. नर्सचं लायसन तिथून मिळतं आणि दुसऱ्या महायुद्धातल्या नौसैनिकाची नोंदही तिथेच मागावी लागते. कारण जुनं आहे. चीनशी युद्ध चालू असताना, जानेवारी १९३८मध्ये, यातलं आरोग्य-कल्याण खातं उभं राहिलं. भरतीला येणारी पोरं अशक्त निघतात ही लष्कराची कुरकुर त्यामागे होती. युद्धानंतर सैन्य विसर्जित झालं, तेव्हा परदेशात अडकलेल्यांना घरी आणण्याचं काम आणि त्यांची दफ्तरं पुढे याच खात्याच्या गळ्यात पडली. त्यातली नौदलाची आजही तिथेच आहेत.

प्रश्न : जीएनएम (नर्सिंगची पदविका) करून मी तीन वर्षं एका खासगी रुग्णालयात काम करते. एजंट म्हणतो, ‘जपानला नर्स म्हणून पाठवतो, एन-४ पास झालीस की पुरे.’ हे खरं आहे का? (एक वाचिका, रत्नागिरी)

उत्तर : नाही. एन-४ ही जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची खालून दुसरी पातळी, तिच्या जोरावर जपानमध्ये कोणी नर्स होत नाही. एजंट बोलतोय ते काम ‘काइगो’चं आहे. वृद्धांना अंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलणं, संडासला नेणं-आणणं, खुर्चीत बसवणं. काम प्रतिष्ठेचं आहे, मागणीही खरी आहे. पण ते नर्सचं नाही, आणि ही गोष्ट जो एजंट लपवतो तो आणखी काय लपवतोय तेही तपासा.

काइगोची वाट अशी आहे. ‘विशिष्ट कौशल्य’ हा व्हिसा जपानने एप्रिल २०१९मध्ये सुरू केला आणि भारताशी त्याचा करार जानेवारी २०२१मध्ये झाला. परीक्षा तीन: काइगोच्या कौशल्याची, काइगोत लागणाऱ्या जपानीची, आणि सर्वसाधारण जपानीची. तिसरीसाठी जेएलपीटी एन-४ चालते किंवा जेएफटी-बेसिक ही संगणकावरची परीक्षा. जीएनएमचं प्रमाणपत्र दाखवून यातली एकही टळत नाही. मुदत एकूण पाच वर्षं, आणि तेवढ्या काळात नवरा-मुलांना सोबत नेता येत नाही. तीन वर्षांचं काम भरलं आणि ‘जित्सुमुशा’ हे प्रशिक्षण (दुसरं काही प्रमाणपत्र नसेल तर ४५० तास) पुरं केलं, की ‘काइगो फुकुशिशी’ या राष्ट्रीय परीक्षेला बसता येतं. ती जानेवारीअखेर असते, १२५ प्रश्न, सगळे जपानीत. २०२६पासून ती तीन भागांत पास होण्याची सोय झाली आहे. ही परीक्षा पदरात पडली की पाच वर्षांचं बंधन सुटतं, व्हिसा वाढवत राहता येतो, कुटुंबही नेता येतं. तेव्हा त्या ४५० तासांचे पैसे कोण भरणार आणि त्यासाठी सुट्टी मिळणार का, हे सही करण्याआधी विचारा. नंतर विचारलंत तर उत्तर गोड असतं आणि कागदावर काही नसतं.

नर्सची वाट याहून लांब. भारतातलं रजिस्ट्रेशन, किमान तीन वर्षांचा कोर्स आणि जेएलपीटीची सर्वांत वरची पातळी एन-१, एवढं हातात घेऊन आधी मंत्रालयाकडे परीक्षेला बसण्याची पात्रता मागावी लागते. इथे बहुतेकींची गाडी अडते, ती अशी: तिकडे प्रत्येक विषयाचे तास मोजतात आणि आपल्या गुणपत्रिकेवर नुसते गुण असतात. थिअरीचे तास वेगळे, वॉर्डातल्या प्रॅक्टिकलचे वेगळे, असं विषयवार ट्रान्सक्रिप्ट कॉलेजकडून सही-शिक्क्यासह आत्ताच घेऊन ठेवा. कॉलेजचं नाव बदललं, संस्था बंद पडली, प्राचार्य गेले, की तोच कागद मिळवताना नाकी नऊ येतात. परीक्षा वर्षातून एकदा, फेब्रुवारीत. २४० प्रश्न, त्यातले ५० ‘अनिवार्य’, आणि त्यात ८० टक्के म्हणजे ४० बरोबर आलेच पाहिजेत. बाकीच्या पेपरात कितीही गुण पडोत, इथे ३९ झाले की नापास. इंडोनेशिया, फिलिपिन्स आणि व्हिएतनाम या तीन देशांच्या नर्सना आर्थिक करारांतून (ईपीए) जपानमध्ये राहून तयारी करायची वेगळी सोय आहे. त्या यादीत भारत नाही, त्यामुळे कुणी ‘ईपीएमधून पाठवतो’ म्हणालं तर चहा पिऊन निघा.

काइगोला जायचंच ठरलं, तर सर्वांत जड जातं ते तुमच्या हाताला. तीन वर्षं सलाइन लावलेल्या मुलीला बंद पडलेलं ड्रिप दिसलं की बोटं आपोआप रोलरकडे जातात. काइगो कर्मचारी म्हणून तुम्ही तिथे हात लावायचा नाही, नर्सला हाक मारायची. इन्सुलिनचं इंजेक्शन नाही, जखमेचं ड्रेसिंग नाही. काखेतलं तापमान, ऑटोमॅटिक यंत्रावर रक्तदाब, निरोगी नखं कापणं, लहानशा खरचटण्यावर पट्टी, एवढं चालतं. घशातला कफ ओढणं आणि नळीतून अन्न देणं ही दोन कामं एप्रिल २०१२पासून काइगो कर्मचाऱ्यांना मोकळी झाली आहेत, तीसुद्धा ठरलेलं प्रशिक्षण आणि नोंदणी झाल्यावर, डॉक्टरच्या लेखी सूचनेनुसार. भारतात नर्स होतात हा तिथे बचाव ठरत नाही. कायदा तिथलं लायसन पाहतो.

पैशांचं. परदेशी भरती करणाऱ्या एजंटाला आपल्या कायद्याने उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच सेवाशुल्क घेता येतं. त्याचा नोंदणी क्रमांक सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर ताडून पाहा. जपानी नियमांनुसार अनामत ठेवून घेणं किंवा ‘नोकरी सोडलीस तर दंड’ असा करार करणं या व्हिसात बसत नाही, आणि पगार त्याच कामावरच्या जपानी माणसापेक्षा कमी असून चालत नाही. करारात मूळ पगार, रात्रपाळीचा भत्ता आणि घरभाड्याची कपात हे तीन आकडे वेगवेगळे लिहून घ्या. ‘हातात अमुक येतील’ असा एकच आकडा सांगितला असेल तर त्यात महिन्याच्या किती रात्रपाळ्या धरल्यात ते विचारा. एवढं झाल्याशिवाय बाबांना कलमं गहाण टाकू देऊ नका.

आणि नाव. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, पासपोर्टावर शेवटी, नर्सिंग काउन्सिलच्या कागदावर लग्नाआधीचं: आपल्याकडे हे नेहमीचंच. जपानी कचेरीत ही तीन वेगळी माणसं ठरतात. पासपोर्टावरचं स्पेलिंग प्रमाण मानून बाकीचे कागद आधी सरळ करा, मग अर्ज.

प्रश्न : आमच्या रजिस्ट्रेशनवर नर्स आणि मिडवाइफ दोन्ही असतं. बाहेरच्या देशांत दोन्ही धरतात का? कुठला देश सोपा? (एक विद्यार्थिनी, दापोली)

उत्तर : दोन्ही धरणारे देश कमी. ब्रिटनमध्ये नर्स आणि मिडवाइफ एकाच परिषदेकडे नोंदतात, पण नोंदवहीचे भाग वेगळे आणि परीक्षाही वेगळ्या. जर्मनीत सुईणीचा पेशा स्वतंत्र, आता त्यासाठी पदवी लागते. जपानमध्ये आधी नर्सची पात्रता, मग किमान वर्षभराचं वेगळं शिक्षण, मग वेगळी राष्ट्रीय परीक्षा. आणि हे लायसन आजही फक्त स्त्रियांना मिळतं. उपकेंद्रातली आपली एएनएम लसीकरण, गरोदर बायांची तपासणी, घरभेटी आणि प्रसंगी बाळंतपण असं सगळं एकटीने ओढते. तिच्या कामाचे जपानमध्ये दोन तुकडे होतात: घरभेटी आणि लसीकरणाची आखणी ‘होकेन्शी’ म्हणजे सार्वजनिक आरोग्य परिचारिकेकडे, बाळंतपण सुईणीकडे. त्यामुळे एएनएमचा अनुभव कितीही मोठा असला तरी तो एका चौकटीत मावत नाही, अर्जात तो फोडून लिहावा लागतो.

सोपा देश असा नसतो, अडचणीची जागा बदलते. आखातात भाषेची अडचण कमी. तिथे अडतं ते कागदपत्रांच्या पडताळणीत. अनुभवाच्या दाखल्यावरची तारीख आणि पगारपत्रकावरची तारीख जुळली नाही, किंवा रुग्णालयाने पडताळणीच्या ईमेलला उत्तरच दिलं नाही, की फाइल लटकते. एचआरमध्ये कुणाचा ईमेल चालू आहे ते आधी विचारून घ्या. ब्रिटनला आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत लेखनाला ६.५ आणि बाकी तिन्हींत ७, शिवाय इथून देता येणारी संगणकावरची परीक्षा आणि तिथे गेल्यावर दहा स्टेशनांची प्रात्यक्षिक परीक्षा. बऱ्याचजणी लेखनात अर्ध्या गुणाने राहतात. ओईटी ही आरोग्यसेवकांची भाषापरीक्षा त्यांना अनेकदा जास्त मानवते, कारण पत्र रुग्णाबद्दलच लिहायचं असतं. जर्मनीत बी-२ पातळीची जर्मन आणि पात्रतेची मान्यता. तुमच्या शिक्षणात काय कमी आहे याची लेखी यादी ते देतात, मग ज्ञानपरीक्षा द्यायची की वॉर्डात राहून ती उणीव भरायची, हे तुम्ही निवडायचं.

जर्मनी आणि जपान या दोन्हींकडे जाणाऱ्यांना एक गोष्ट कुणी सांगत नाही. आपल्याकडे वॉर्डात रुग्णाचं अंग पुसणं, भरवणं, कपडे बदलणं नातेवाईक किंवा मावशी करतात. नर्स औषधं, इंजेक्शनं आणि रजिस्टर सांभाळते. जर्मनीत अंग पुसण्यापासून सगळं नर्सचंच काम. जपानमध्येही पूर्वी रुग्णाजवळ पैसे देऊन बाई ठेवायची पद्धत होती. १९९०च्या दशकात सरकारने ती मोडीत काढली आणि ते काम रुग्णालयाच्या माणसांवर टाकलं. ‘मी नर्स असून मला आयाचं काम देतात’ ही तक्रार तिथल्या लोकांना कळतच नाही. अंग पुसतानाच पाठीवरचा लाल डाग दिसतो, आणि तो वेळीच दिसला तर पुढचा शय्याव्रण टळतो, असा त्यांचा हिशोब आहे. आम्हाला तो पटतो.

प्रश्न : आमच्या घरात तीन पिढ्या हाडवैद्यकी. जपानमध्ये हाडवैद्याला सरकारी लायसन मिळतं असं ऐकलं. (एक वाचक, कुडाळ)

उत्तर : मिळतं. ‘जूदो सेइफुकुशी’ हे त्या पेशाचं नाव, मूळ जूदोच्या आखाड्यात. किमान तीन वर्षांचं शिक्षण आणि राष्ट्रीय परीक्षा. मुरगळणं, मुका मार यावर तो स्वतः उपचार करतो. हाड मोडलं किंवा सांधा निखळला, तर प्रथमोपचार तेवढे करायचे. पुढचे उपचार डॉक्टरच्या संमतीशिवाय करता येत नाहीत. विम्याचे पैसे ताज्या दुखापतीलाच मिळतात, जुन्या खांदेदुखीला नाही, आणि वादाची प्रकरणं नेमकी तिथेच होतात: जुनं दुखणं ताजं म्हणून दाखवलेलं. मसाज, सुई आणि शेक यांची लायसनं आणखी वेगळी. मसाजाचा पेशा पूर्वापार अंधांचा मानला जातो आणि त्यांचा रोजगार टिकावा म्हणून डोळसांसाठी नवे अभ्यासक्रम काढण्यावर कायद्याने मर्यादा घालता येते.

गंमत अशी, की हा हाडवैद्य स्वतःची पाटी लावू शकतो, पण जपानमधला फिजिओथेरपिस्ट डॉक्टरच्या सूचनेशिवाय उपचार करू शकत नाही. आपल्याकडे फिजिओ सर्रास स्वतःचं क्लिनिक काढतात. फार्मासिस्टचं अंतर तर आणखी मोठं: आपल्याकडे डी.फार्म दोन वर्षांचं, जपानमध्ये २००६पासून सहा वर्षांचं शिक्षण. त्यामुळे आपल्या मेडिकलवरचा अनुभव तिथे मोजला जात नाही.

प्रश्न : आमचा मुलगा नागोयात असतो, सूनबाई जपानी, तिचं माहेर निगाताकडचं. तिच्या आजोबांचे थोरले भाऊ युद्धात ब्रह्मदेशाकडे गेले ते परत आले नाहीत, एवढंच त्यांच्या घरात ठाऊक आहे. इकडे माझे सासरे मराठा पलटणीत होते, ‘सांगशाक’ असं एका गावाचं नाव घ्यायचे. नातवाला दोन्हीकडचं नीट सांगता यावं असं वाटतं. कुठे विचारायचं? (एक आजी, गुहागर)

उत्तर : आजी, तुमच्या पत्रातली दोन नावं एकमेकांच्या फार जवळची आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी जपानकडचं. अर्ज सूनबाईंनी करू नये, तुमच्या व्याह्यांनी करावा. मयत माणूस सूनबाईंना नात्याने चौथ्या पायरीवर लागतो आणि व्याह्यांना, सख्खा काका म्हणून, तिसऱ्या. लष्करी नोंद कुणाला द्यायची याची हद्द प्रत्येक प्रांत स्वतः ठरवतो. काही ठिकाणी ती तिसऱ्या पायरीलाच संपते.

पहिला कागद ‘कोसेकी’, म्हणजे कुटुंबाची सरकारी नोंदवही. मार्च २०२४पासून जपानमधल्या कुठल्याही नगरपालिकेच्या खिडकीवर स्वतःच्या सरळ रेषेतल्या पूर्वजांच्या कोसेकी एकत्र मागता येतात. जातीने जावं लागतं, फोटो असलेलं ओळखपत्र लागतं. टपालाने किंवा दुसऱ्याला पाठवून ही सोय मिळत नाही. चालू नोंदीला ४५० येन, बंद झालेल्या जुन्या नोंदीला ७५०. काका सरळ रेषेत येत नाहीत, मग त्यांची नोंद कशी मिळणार? व्याह्यांनी आपल्या आजोबांची जुनी कोसेकी मागायची. १९४७च्या अखेरपर्यंत तिथे घराच्या कर्त्याच्या नावाखाली अख्खं एकत्र कुटुंब, मुलगे-सुना-नातवंडांसकट, एकाच नोंदीत असे. वेगळी चूल मांडून नोंद फोडली नसेल तर काका तिथेच सापडतील. खिडकीवर ‘आजोबांच्या जन्मापासून मृत्यूपर्यंतचं सगळं’ असं मागावं. नुसती ‘कोसेकी’ म्हटलं तर शेवटची नवी प्रत हातात पडते आणि तिच्यात काका नसतात.

या नोंदीतून दोन गोष्टी उतरवून घ्यायच्या. एक, युद्ध संपलं तेव्हाचं मूळ नोंदणीगाव, ‘होन्सेकी’. राहतं गाव वेगळं असू शकतं, ते इथे कामाचं नाही. दुसरी, मृत्यूची ओळ. तारीख बहुधा शोवा सनात असते: त्यात १९२५ मिळवा, शोवा १९ म्हणजे १९४४. जन्म ताइशोतला असेल तर १९११ मिळवायचे, मेइजीतला असेल तर १८६७. ‘लढताना मृत्यू’ आणि ‘आघाडीवर आजाराने मृत्यू’ यांना वेगळे शब्द आहेत, ते जपून वाचा. जागेच्या ठिकाणी नुसतं ‘ब्रह्मदेशाच्या बाजूस’ असलं तरी निराश होऊ नका, बहुतेक नोंदी अशाच मोघम असतात.

आता खिडकी. माणूस सैन्यात असेल तर त्याची नोंद त्या होन्सेकीच्या प्रांताच्या कचेरीत, तुमच्या बाबतीत निगाता प्रांताच्या कल्याण विभागाकडे असायला हवी. नौदलात असेल तर टोकियोच्या त्या मंत्रालयात. चुकीच्या दारी अर्ज गेला तर ‘आढळ नाही’ असं उत्तर येतं आणि लोक तिथेच थांबतात, म्हणून हे आधी ठरवा. अर्जासोबत अर्जदाराचं ओळखपत्र, नातं दाखवणाऱ्या कोसेकींची न तुटलेली साखळी, आणि तिकीट लावलेलं परतीचं पाकीट. ऑगस्ट १९४५मध्ये शरणागतीच्या वेळी सैन्याने आपली पुष्कळ कागदपत्रं जाळली, काही बॉम्बहल्ल्यांत गेली. तेव्हा प्रांताकडे काही नसेल तर टोकियोतल्या राष्ट्रीय अभिलेखागारात परदेशी गेलेल्या तुकड्यांच्या नावांच्या याद्या आहेत, तिथे विचारावं. त्यात सैनिकाच्या घरच्या माणसाचं नाव-पत्ता असतो, ओळख पटवायला तो पुरतो.

रेजिमेंटचा क्रमांक हाती आला की खरा उलगडा सुरू होतो. निगाता प्रांतातल्या ताकादाची ५८वी इन्फंट्री रेजिमेंट ३१व्या डिव्हिजनमध्ये होती. मार्च १९४४मध्ये ती चिंदविन नदी ओलांडून मणिपूरच्या डोंगरात शिरली आणि २२ ते २६ मार्चला उख्रुलजवळच्या सांगशाक गावात ५०व्या भारतीय पॅराशूट ब्रिगेडशी भिडली. त्या ब्रिगेडच्या दिमतीला ५व्या मराठा लाइट इन्फंट्रीची ४थी बटालियन होती. तिथून ती रेजिमेंट कोहिमाला गेली. डिव्हिजन निघाली तेव्हा साधारण तीन आठवड्यांचं रेशन बरोबर होतं. मेअखेर तिचे सेनापती सातो यांनी वरिष्ठांचा हुकूम मोडून माघार घेतली, आणि पावसाळ्यातल्या त्या माघारीत उपासमार, मलेरिया आणि आमांश यांनी गोळ्यांपेक्षा जास्त माणसं नेली. तेव्हा काकांच्या नावापुढे १९४४च्या जून-जुलैची तारीख आणि ‘आजाराने’ असा शब्द दिसला, तर त्याचा अर्थ काय ते आता तुमच्या लक्षात येईल.

पण निगाताचा माणूस ५८व्यातच असेल असं नाही. त्याच प्रांतातल्या शिबाताची १६वी रेजिमेंट ग्वादालकनालला लढून पुढे ब्रह्मदेशात आली. ती सांगशाकला नव्हती. क्रमांक कागदावर दिसेपर्यंत नातवाला ‘तुझे दोन्ही पणजोबा समोरासमोर होते’ असं सांगू नका. गोष्ट चांगली वाटते म्हणून घट्ट होऊन बसते. रेजिमेंटचे कागद पाहायला टोकियोच्या इचिगायातली संरक्षण अभ्यास संस्थेची वाचनखोली आहे, आणि आशियाई ऐतिहासिक नोंदींचं जपान सरकारचं डिजिटल केंद्र घरबसल्या फुकट उघडतं.

आणखी एक. अशा शोधात कधी ‘साथप्रतिबंध आणि पाणीपुरवठा’ अशा नावाचं पथक समोर येतं आणि घरचे घाबरतात, कारण हार्बिनजवळचं कुप्रसिद्ध ७३१ पथक याच नावाच्या छताखाली होतं. आघाडीवरच्या डिव्हिजनांबरोबरही अशीच पथकं असत, पाणी गाळून देणं हे त्यांचं रोजचं काम. नाव सारखं म्हणून आरोप करू नये, आणि नाव साधं वाटलं म्हणून निर्धास्तही होऊ नये. पथकाचा क्रमांक आणि ठिकाण पाहावं. ७३१च्या मूळ पथकातल्या ३,६०७ माणसांची यादी तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागाराने २०१८मध्ये खुली केली आहे.

अस्थींचंही विचाराल. मुख्य बेटांबाहेर सुमारे २४ लाख जपानी मेले आणि त्यातल्या सुमारे ११ लाखांहून अधिक जणांच्या अस्थी अजून घरी आलेल्या नाहीत. पुष्कळ घरांत पांढरी पेटी आली ती आत दगड किंवा नाव लिहिलेला कागद घेऊन. व्याह्यांच्या घरच्या थडग्यात काय पुरलंय हे ठाऊक नसेल तर सूनबाईंनी तो प्रश्न जेवणाच्या पानावर काढू नये. वडीलधाऱ्यांपैकी एकाला बाजूला घेऊन विचारावा.

आता सासऱ्यांचं. घरातली पदकं काढा आणि मागची बाजू आणि कड भिंगाने पाहा. भारतात वाटलेल्या त्या काळच्या पदकांवर बहुधा क्रमांक आणि नाव ठोकलेलं असतं. तो क्रमांक, हुद्दा, गाव आणि पेन्शनचा कागद असेल तर त्याची प्रत घेऊन आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, तिथून बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री रेकॉर्ड्सला पत्र जातं. बटालियनचा आकडा मागायला विसरू नका. पलटण एकच असली तरी तिच्या इतर बटालियन त्याच वेळी इटलीत लढत होत्या.

प्रश्न : मी सावंतवाडीची, सध्या जपानमध्ये काइगो करते. आमच्याकडच्या ९९ वर्षांच्या आजी तरुणपणी रेड क्रॉसच्या नर्स होत्या. रात्री उठतात, उशीखाली भाताचा गोळा लपवतात. युद्धाबद्दल त्यांच्याशी बोलावं का? (एक वाचिका)

उत्तर : त्यांनी काढलं तर ऐका, तुम्ही उकरू नका. १९३७ ते १९४५मध्ये जपानी रेड क्रॉसने सुमारे ३३ हजार नर्सना युद्धकार्यावर पाठवलं, त्यातल्या हजाराहून अधिक परतल्या नाहीत. बोलावणं आलं की तान्हं मूल घरी ठेवूनही जावं लागे. अशा बाईला ‘तिथे काय पाहिलं?’ विचारणं म्हणजे रात्रपाळीत जे आवरता येणार नाही ते उघडणं.

भाताच्या गोळ्याचं करायचं ते असं. त्यांच्यासमोर हिसकावून फेकू नका. रात्री वाटीत थोडं गिळायला सोपं, टिकणारं खाणं जवळ ठेवता येईल का ते नर्स आणि आहारतज्ज्ञाला विचारा. शिळा गोळा त्या अंघोळीला गेल्यावर उचला. गिळण्याचा त्रास असेल तर एकट्याने खाल्लेला कोरडा भात घशात अडकतो, खरा धोका तोच. नोंदवहीत वेळ, किती खाल्लं, काय म्हणाल्या ते त्यांच्याच शब्दांत लिहा, तुमचा अर्थ लावू नका. शोभेच्या फटाक्यांची रात्र आणि १५ ऑगस्टची दुपार या दोन वेळा आधीच पाळीवाटपात लक्षात ठेवा. दुपारी बारा वाजता मौनासाठी भोंगा वाजतो, आणि भोंग्याने दचकणारे वृद्ध अजून आहेत. त्यांनी सांगितलेलं फोनवर रेकॉर्ड करणं किंवा गावच्या ग्रुपवर टाकणं चालणार नाही, गोपनीयता तुमच्यावर बंधनकारक आहे.

तुमच्या दालनात कुणाकडे अणुबॉम्बग्रस्तांचं आरोग्य पुस्तक असेल, तर रुग्णालयात नेताना विम्याच्या कागदांबरोबर ते न्यायला विसरू नका. उपचारांतला रुग्णाचा वाटा त्यावर माफ होतो. अशी पुस्तकं असलेल्यांची संख्या मार्च २०२५अखेर एक लाखाच्या खाली आली, त्यामुळे नव्या कर्मचाऱ्यांना ते काय आहे हेच ठाऊक नसतं.

प्रश्न : माझे आजोबा बोटीवर खलाशी होते, १९४२मध्ये आफ्रिकेच्या वाटेवर बोट बुडाली. नोंद मिळेल का? (एक वाचक, जयगड)

उत्तर : वर्ष आणि वाट पाहता ‘तिलावा’ आधी तपासा. मुंबईहून मोंबासाकडे निघालेली ही बोट २३ नोव्हेंबर १९४२ला जपानच्या आय-२९ पाणबुडीने बुडवली, २८० माणसं गेली. वाचलेल्यांना घेऊन आलेली ब्रिटिश युद्धनौका बर्मिंगहॅम २७ तारखेला मुंबईला लागली. याच पाणबुडीने एप्रिल १९४३मध्ये सुभाषबाबूंना जर्मन पाणबुडीतून उतरवून घेतलं होतं. शत्रूच्या कारवाईत गेलेल्या भारतीय व्यापारी खलाशांची नावं राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या ‘बॉम्बे/चितगाव’ स्मारकयादीत आहेत, आयोगाच्या संकेतस्थळावर शोध फुकट. प्रवासी त्या यादीत नाहीत, फक्त जहाजावरचे कामगार.

आडनावाने शोधू नका. खलाशांची नावं इंग्रज कारकुनाने कानाला आली तशी लिहिली आहेत, आडनाव बहुधा गाळून नाव आणि बापाचं नाव तेवढं. जहाजाचं नाव आणि तारीख टाका, येईल ती सगळी यादी काढा, आणि घरात सर्वांत वयस्क असेल त्याच्यासमोर मोठ्याने वाचा. गावाचं नाव पुढे असेल तर तेही वाचा: जयगडचं स्पेलिंग तीन-चार प्रकारे सापडतं.